घरगुती आवाज आणि विजेचे माप

मुंबईत नियमित नभोवाणी सुरू झाली ती २३ जुलै १९२७ रोजी. 'इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी' या खाजगी मंडळीने उभारलेल्या त्या केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. त्या केंद्राच्या प्रक्षेपकाची शक्ती दीड किलोवॉट, म्हणजे पंधराशे वॉट, एवढी होती. आणि तेवढ्या शक्तीवर सुमारे तीस मैलांच्या टापूत कार्यक्रम नीट ऐकू येईल असे धरले जाई. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली ही सारी स्थळे त्या टापूत येत. तेव्हा ती मुंबई शहराच्या हद्दीबाहेर होती. जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंतचा मुलूख १९५० साली आणि दहिसर-मुलुंडपर्यंतचा १९५७ साली मुंबईच्या पोटात आला.

आता या पंधराशे वॉटांची दुसरी गोष्ट ऐका. १९९० नंतरच्या दशकात याच घाटकोपर-मुलुंडच्या दुकानांतून कॅसेट वाजविण्याची जी यंत्रे मांडलेली असत, त्यांतील काहींच्या खोक्यांवर हजार, पंधराशे असे वॉटांचे आकडे ठळक अक्षरांत छापलेले आढळत. एका आकड्याने अर्धा जिल्हा ऐकत होता. त्याच आकड्याची पेटी आता दिवाणखान्यातील शोकेसमध्ये मावू लागली! प्रक्षेपकाची शक्ती वेगळी आणि घरातील आवाजाची शक्ती वेगळी, हे मला मान्य आहे; पहिली आकाशात लहरी फेकते, दुसरी कागदाचा पडदा हलविते. तरीही वॉट म्हणजे वॉटच. तो एका सेकंदात खर्च होणाऱ्या शक्तीचा हिशेब आहे, आणि तो हिशेब जागा बदलली म्हणून बदलत नाही. म्हणूनच घरात गाणे ऐकावयास खरोखर किती वॉट लागतात आणि हा आकडा एवढा फुगला कसा, हे पाहावेसे वाटते.

प्रथम विजेच्या पूर्वीचा काळ ध्यानात घेऊ. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहात टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाला. बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोघे एकाच रंगभूमीवर उभे राहिले, आणि खचाखच भरलेल्या त्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पदे पोहोचली ती केवळ छातीच्या बळावर व नाट्यगृहाच्या रचनेच्या आधाराने. तेथे मायक्रोफोन नव्हता, ध्वनिवर्धक नव्हता. माणसाच्या साध्या संभाषणात आवाजाची जी शक्ती बाहेर पडते ती एका वॉटाच्या लक्षांशाएवढी असते. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर एक लाख माणसे एकाच वेळी बोलू लागली तर त्यांच्या कंठांतून मिळून एक वॉट आवाज निघेल. गवई पट्टी चढवून ताना घेऊ लागला म्हणजे ही शक्ती शेकडो पटींनी वाढते. पण ती वाढूनही किती, तर वॉटाचा एक बारीक अंश. कानाला यापेक्षा जास्त लागतच नाही. निसर्गाने हे इंद्रिय इतके तरल केले आहे की, गोंगाट करणाऱ्यांनाच ते बोथट करण्यासाठी श्रम घ्यावे लागतात.

ग्रामोफोनचेही तसेच. फोनोची चावी फिरवून स्प्रिंग गुंडाळली की सुईचे कंपन पडद्याला आणि पडद्याचे कर्ण्याला मिळे. विजेचा त्यात थेंबही नसे. आणि तरी एका वाड्यातील फोनो चार घरे ऐकत. याचे कारण कर्णा. कर्णा म्हणजे नुसती शोभेची नळी नव्हे. पडद्याचे लहानसे कंपन मोठ्या क्षेत्रातील हवेला हळूहळू हवाली करणारा तो दलाल आहे. आणि दलाली तो फार थोडी घेतो.

मग व्हॉल्व्ह आला. ली डी फॉरेस्ट याने १९०६ साली तीन अग्रांचा व्हॉल्व्ह बनविला, आणि मायक्रोफोनमधून येणारी दुबळी वीज वाढविण्याचे साधन मिळाले. १९२५ साली अमेरिकेतील राइस व केलॉग यांनी कर्ण्यावाचून चालणारा, तारेचे वेटोळे व कागदाचा शंकू असलेला ध्वनिक्षेपक जगापुढे मांडला. आज घरोघरी जो स्पीकर आहे तो त्याचाच वंशज. हा शंकू सोयीचा, स्वस्त आणि आवाजाने गोड, मात्र खर्चिक. त्याला दिलेल्या विजेपैकी शंभरात एक हिस्सासुद्धा आवाजाच्या रूपाने क्वचितच बाहेर पडतो. बाकीची सारी वीज तारेचे वेटोळे गरम करण्यात जाते. आपल्याकडील बहुतेक घरगुती स्पीकर शंभरात अर्ध्याच्या आसपास उत्पन्न देतात असे धरले तर अतिशयोक्ती होणार नाही. एखाद्या सावकाराला हा व्यवहार परवडला नसता.

पण येथेच एक गंमत आहे. शंभरात अर्धा भाग म्हणजे एका वॉटामागे एका वॉटाचा दोनशेवा हिस्सा आवाज. वर सांगितलेल्या लक्षांशाने त्याला भागा. उत्तर पाचशे येते. म्हणजे इतक्या उधळ्या स्पीकरला अवघा एक वॉट दिला तरी खोलीत पाचशे माणसे एकदम बोलत असावीत एवढी आवाजाची शक्ती निर्माण होते. दहा फूट बाय चौदा फुटांच्या खोलीत पाचशे माणसे! अंधेरी किंवा बोरिवलीच्या सामान्य घरात याहून अधिक कशाला लागावे?

जुन्या रेडिओवाल्यांना हे ठाऊक होते, किंबहुना नाइलाजाने ठाऊक होते. उपनगरांना वीज पुरविण्यासाठी 'बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय' ही कंपनी १९२९ साली निघाली. तोपर्यंत आणि त्यानंतरही बरीच वर्षे पुष्कळ घरांत विजेचे दिवे नव्हते. अशा घरांतील रेडिओ बॅटरीवर चाले, आणि त्यातील शेवटचा व्हॉल्व्ह पाव वॉटाच्या आसपास शक्ती देई. घरात वीज आली म्हणजे मोठा रेडिओ येई. त्यातील ६-व्ही-६ सारखा व्हॉल्व्ह साडेचार वॉट देऊ शके. साडेचार वॉट ही तेव्हा ऐश्वर्याची परिसीमा होती. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर 'गीतरामायण' प्रसारित झाले, ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांचे स्वर ऐकण्यासाठी लोक शेजाऱ्याच्या ओसरीवर, चाळीच्या गॅलरीत, दुकानाच्या फळीपुढे गोळा होत, आणि रेडिओला हार घालीत. त्या जमावांना पुरून उरणारा आवाज कोठून येत होता? चार-पाच वॉटांच्या पेटीतून. सर्वांना ऐकू जाई, याचे कारण ऐकणारे गप्प बसत. ही ऐकणाऱ्याची शिस्त वॉटांत मोजता येत नाही म्हणून ती जाहिरातीत सापडत नाही, एवढेच.

घराबाहेरचा प्रकार मात्र निराळा. मोकळ्या मैदानात भिंती नसतात. आवाज एकदा गेला तो परत येत नाही, आणि अंतर दुप्पट झाले की त्याची तीव्रता चौथाई होते. राष्ट्रसभेच्या अधिवेशनांत आणि सभांत लाखांच्या समुदायाला वक्त्याचे शब्द ऐकविण्याचे काम मुंबईच्या 'शिकागो रेडिओ' या मोटवाने यांच्या पेढीने केले. नाव शिकागोचे, पण पेढी आपली. याच पेढीचे नानिक मोटवाने १९४२ च्या गुप्त 'काँग्रेस रेडिओ'च्या खटल्यात उषा मेहता यांच्याबरोबर आरोपी होते. या सभांतून धातूचे कर्णे लावीत. शक्ती बेताची असली तरी कर्णा तिचे सोने करी. पहिल्या पिढीतील बोलपटगृहांचेही तसेच: दहा-वीस वॉटांच्या ध्वनिवर्धकावर शेकडो प्रेक्षकांचे थिएटर भरून निघे, कारण पडद्यामागे माणूस आत उभा राहील एवढाले कर्णे असत.

घरी असा कर्णा कोण ठेवील? येथूनच वॉटांच्या वाढीची खरी आणि प्रामाणिक कथा सुरू होते. हा सगळा फुगवटा लबाडीचा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९४७ साली विल्यमसन नावाच्या ब्रिटिश अभियंत्याने 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात पंधरा वॉटांच्या ध्वनिवर्धकाचा आराखडा प्रसिद्ध केला, आणि उत्तम घरगुती संगीताला पंधरा वॉट भरपूर, असे जगभरच्या हौशी लोकांचे मत बनले. तेव्हाचे स्पीकर कपाटाएवढ्या पेट्यांत बसत. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिलचर याने हवाबंद लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखविला. युक्ती अप्रतिम होती. पण तिची किंमत वीज होती. पुढे हॉफमन या शास्त्रज्ञाने (प्रसिद्ध पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचा हा मुलगा) त्याचा नियमच सांगून टाकला: लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तीन वरांपैकी कोणतेही दोन मागा, तिसरा मिळणार नाही.

आता आपल्या उपनगरांतील घरे डोळ्यांपुढे आणा. एक खोली, तिच्यातच पलंग, कपाट, मुलांचे अभ्यासाचे टेबल आणि कोपऱ्यात देवघर. कपाटाएवढा स्पीकर तेथे कोठे ठेवणार? गृहिणीने लहान पेटीच पसंत करावी आणि गृहस्थाने तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा मागावा, हे दोन्ही रास्त आहे. त्या दोघांच्या तडजोडीची भरपाई विजेने करावी लागते. जुन्या स्पीकरला जे काम एक वॉट करी ते लहान पेटीला चार-पाच वॉट मागते. जागा महाग, वीज स्वस्त. हिशेब मुंबईकराला कळतो. ट्रान्झिस्टर आल्यावर हे वॉट निर्माण करणेही सोपे झाले. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून उपनगरांतील कितीतरी हौशी तरुणांनी टी.बी.ए. ८१० या टिकलीएवढ्या चकतीवर सात वॉटांचे आणि २-एन-३०५५ ट्रान्झिस्टरांच्या जोडीवर त्याहून मोठे ध्वनिवर्धक घरच्या घरी जोडले. त्यांनी वॉट मोजले ते मीटरने.

जाहिरातीतील वॉट मात्र मीटरने मोजलेले नव्हते. अमेरिकेत याची ओरड आधीच झाली, आणि तेथील सरकारी व्यापार आयोगाने १९७४ साली नियम केला की, घरगुती ध्वनिवर्धकाची शक्ती जाहीर करताना ती अखंड चालणाऱ्या, सरासरी मापाचीच सांगितली पाहिजे. आपल्याकडे 'पी. एम. पी. ओ.' ही चार अक्षरे आली. यंत्र क्षणाच्या कितव्या हिश्शात, किती बिघाडासह, कोणत्या भारावर ही शक्ती देते, याचा त्या चार अक्षरांत पत्ताच नसे. बाराशे, दोन हजार, जो आकडा खोक्यावर शोभेल तो. पण लबाडी उघडी पाडण्याचे साधन त्याच यंत्राच्या पाठीवर होते. तेथे लहान अक्षरांत लिहिलेले असे: वीज खप तीस वॉट. ज्या घागरीत तीस शेर पाणी येते तीतून पंधराशे शेर कसे निघेल? असो. बारा व्होल्टांच्या बॅटरीवर साध्या रचनेचा ध्वनिवर्धक चार ओहमच्या स्पीकरला साडेचार वॉटांहून अधिक शुद्ध शक्ती देऊ शकत नाही, हे शाळेतील पदार्थविज्ञानाचे पुस्तक सांगते. तरीही कित्येक सुशिक्षित गृहस्थांनी पहिल्या पगाराचे पैसे त्या खोक्यावरच्या आकड्याकडे पाहून मोजले. बाजाराला पुस्तकाचा धाक नसतो.

या आकड्यांच्या मोहात आणखी एक भ्रम दडलेला आहे. वॉट दुप्पट केले की आवाज दुप्पट होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कान तसा चालत नाही. शक्ती दुप्पट केली तर आवाज तीन डेसिबेलांनी वाढतो, आणि हा फरक कानाला कळतो एवढेच. आवाज दुप्पट वाटावयाचा असेल तर शक्ती सुमारे दहापट करावी लागते. म्हणजे पन्नास वॉटांचे यंत्र विकून जो गृहस्थ शंभर वॉटांचे घेतो, त्याने पैसे दुप्पट दिले, पण आवाजात त्याला मिळाला तो घड्याळाच्या काट्याएवढा सरकलेला फरक. पन्नासाचा खराखुरा दुप्पट आवाज हवा असेल तर पाचशे वॉट पाहिजेत. आणि तो मिळाल्यावर शेजारी दार ठोठावील.

आता खरा हिशेब मांडू. मध्यम प्रतीचा स्पीकर एका वॉटावर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबेल आवाज देतो. आपण आठ फुटांवर बसलो तर खोलीच्या भिंतींचा आधार धरूनही त्यातील पाचेक डेसिबेल कमी होतात. दोन स्पीकर असल्याने तीन परत मिळतात. म्हणजे दोन्ही स्पीकरांना एकेक वॉट दिला तर आपल्या कानी ८५ डेसिबेल येतात, आणि हा आवाज घरात मोठाच म्हणावा लागेल. आरामात गाणे ऐकणारा माणूस सरासरीने ७५ च्या जवळपास ऐकतो. त्याला लागणारी शक्ती वॉटाचा दहावा हिस्सा. परंतु संगीत सपाट नसते. तबल्याची थाप, सतारीचा आघात, भीमसेनजींसारख्या गवयाची वरच्या षड्जावरची झेप, हे सरासरीच्या वर पंधरा-वीस डेसिबेल उसळतात. वीस डेसिबेल म्हणजे शंभरपट शक्ती. वॉटाच्या दहाव्या हिश्शाची शंभरपट, म्हणजे दहा वॉट. स्पीकर थोडा मंद, ८४ डेसिबेलांचा, असेल तर वीस. एवढ्यात उपनगरांतील कोणत्याही खोलीचे काम भागते. जरा हात राखून तीस वॉट घेतले तर कोणी दोष देणार नाही.

हात राखण्यास मात्र कारण आहे, आणि ते सांगितलेच पाहिजे. नाही तर मी काटकसरीचाच प्रचार करतो असे वाटावयाचे. लहान ध्वनिवर्धकाला त्याच्या मर्यादेपलीकडे ताणले की लहरीचे माथे छाटले जातात. लहर चौकोनी होत जाते, तिच्यात नसलेले कर्कश तीव्र स्वर उमटतात, आणि तेवढ्याच उंचीची चौकोनी लहर गोल लहरीच्या दुप्पट शक्ती वाहून नेते. तीव्र स्वरांसाठीचा तो इवलासा स्पीकर या माऱ्याने जळतो. लग्नाच्या मांडवात मामांनी आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरविल्यावर जो भुस्स आवाज येतो तो हाच. म्हणून मोठे यंत्र मंद चालविणे हे लहान यंत्र पिळण्यापेक्षा केव्हाही चांगले.

मांडवाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट बोलावीशी वाटते. विसर्जनाच्या मिरवणुकीत स्पीकरांच्या भिंती उभ्या राहतात, त्यांना महाराष्ट्रात सरसकट 'डॉल्बी' म्हणतात. हे नाव रे डॉल्बी या अमेरिकन अभियंत्याचे. १९६३ ते १९६५ या काळात तो संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार म्हणून आपल्याच देशात होता, आणि परत गेल्यावर त्याने जे यंत्र काढले ते ध्वनिफितीतील खरखर कमी करण्याचे! जन्मभर ज्याने गोंगाट घटविण्याचा उद्योग केला त्याचे नाव आपण गोंगाटालाच द्यावे, यापेक्षा अधिक कृतघ्नपणा भाषेने क्वचितच केला असेल.

कायद्याने या बाबतीत नियम घालून दिलेले आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. हे नियम सार्वजनिक मांडवांपुरतेच आहेत असे समजू नये. खाजगी ध्वनियंत्राचा आवाज आपल्या जागेच्या सीमेवर त्या भागाच्या मर्यादेहून पाच डेसिबेलांपेक्षा अधिक जाता कामा नये, असेही त्यांत म्हटले आहे. खिडक्या उघड्या ठेवून ८५ डेसिबेल वाजविणाऱ्या एका वॉटाच्या घरातून शेजारच्या इमारतीतील आजारी वृद्धाला, परीक्षेला बसलेल्या मुलीला किंवा रात्रपाळी करून दिवसा झोपलेल्या माणसाला काय ऐकू जात असेल, हे ज्याने त्याने आपल्या खिडकीत उभे राहून ठरवावे. दोन इमारतींमध्ये जेथे हातभर जागा आहे तेथे भिंत नावापुरतीच असते.

ज्यांना माझ्या आकड्यांवर विश्वास नसेल त्यांच्यासाठी एक सोपा प्रयोग आहे, आणि त्यास फक्त एक साधा मीटर लागतो. आपली आवडती ध्वनिमुद्रिका लावावी आणि याहून मोठा आवाज आपण कधीच ऐकणार नाही अशा जागी बटण आणून ठेवावे. मग बटणाला हात न लावता यंत्र बंद करून स्पीकरच्या तारा सोडवाव्या. (हे ट्रान्झिस्टरच्या यंत्रावरच करावे; व्हॉल्व्हचे यंत्र स्पीकरवाचून चालविल्यास त्याला इजा पोहोचते.) आता पूर्ण तीव्रतेने ध्वनिमुद्रित केलेला एकच संथ स्वर, सेकंदाला शंभर-सव्वाशे कंपनांचा, यंत्रातून सोडावा आणि तारांच्या टोकांशी किती व्होल्ट येतात ते पाहावे. त्या आकड्याचा वर्ग करून स्पीकरच्या ओहमने भागावा. येणारे उत्तर म्हणजे आपल्या घरात, आपल्या सर्वांत बेभान क्षणी, लागू शकणारे जास्तीत जास्त वॉट. मीटरने ९ व्होल्ट दाखविले आणि स्पीकर ८ ओहमचा असला तर ते जेमतेम दहा होतात.